तारखेने शोध घेताना शेवटचा दिवस जातो कुठे?



मागच्या पाठात आपण नावाने आणि पावती क्रमांकाने नोंद कशी शोधायची ते पाहिलं. तिथे काम सोपं होतं. नाव जुळलं तर नोंद दिसते, नाही जुळलं तर ‘नोंद आढळली नाही’ असं येतं आणि काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं. तारखेच्या शोधाचं तसं नाही. तो चुकला तरी यादी येते, खाली बेरीज येते, प्रिंटही छान निघते. फक्त त्या यादीत काही नोंदी नसतात, आणि त्या नाहीत हे सांगणारं कुणीच नसतं. म्हणून आजचा पाठ जरा सविस्तर घेऊ.

उदाहरण तुमच्या ओळखीचंच घेऊ, कारण प्रोजेक्टसाठी दरवर्षी निम्मा वर्ग हेच करतो: शाळेच्या फीच्या पावत्यांचं वेब ॲप्लिकेशन, पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून. एक टेबल आहे ‘पावत्या’. त्यात पावती क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, रक्कम आणि तारीख. वरती दोन चौकटी, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, शेजारी ‘शोधा’ हे बटण. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत किती फी जमा झाली एवढंच मुख्याध्यापकांना हवं आहे. ॲप्लिकेशन एक आकडा देतं आणि कार्यालयातली कीर्द दुसरा. फरक आला की आधी कोणावर संशय जातो? प्रोग्रामवर नाही, क्लार्कवर. म्हणून हा विषय नुसता मार्कांचा नाही.

(एक सूचना. या पाठात क्वेरी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर टाईप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच लिहायच्या.)

सुरुवात टेबलपासून करू. तारखेचा कॉलम कोणत्या प्रकारचा ठेवला आहे? बऱ्याच प्रोजेक्टमध्ये तो ‘व्हारचार’ असतो, म्हणजे साधा मजकूर. आपण तारीख १५/०६/२०२४ अशी लिहितो, तर तशीच साठवू, असा सरळ विचार त्यामागे असतो. दिसायला काही चुकत नाही. पण संगणक मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षर बघत करतो, शब्दकोशात शब्द लावतात तशी. आता १५/०६/२०२४ आणि ०२/०७/२०२४ यांत आधी कोण? आपल्या दृष्टीने १५ जून. संगणकाच्या दृष्टीने २ जुलै, कारण पहिलंच अक्षर ० आहे आणि ० हे १ च्या आधी येतं. महिना आणि वर्ष बघायची त्याला गरजच पडत नाही. याच न्यायाने ०१/०१/२०२५ हा दिवस ३१/१२/२०२० च्या आधी येतो. चार वर्षं उलटी फिरली!

अशा कॉलमवर ‘पासून-पर्यंत’ लावलं की मिळणारी यादी निव्वळ योगायोग असतो. आणि गंमत म्हणजे एकाच महिन्यातल्या नोंदींवर तपासून पाहिलं तर ती बरोबर येते, कारण महिना आणि वर्ष सारखं असेल तर दिवसाच्या आकड्यावरची तुलना खरीच असते. त्यामुळे मे महिन्यात तयार केलेला प्रोजेक्ट मेमध्ये उत्तम चालतो आणि जूनमध्ये बिघडतो.

यावर उपाय म्हणजे कॉलमचा प्रकार ‘डेट’ ठेवणं. मायएसक्यूएल तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घेतं आणि दाखवतं: २०२४-०६-१५. हा क्रम आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणातला आहे. ते प्रमाण पहिल्यांदा १९८८ साली प्रसिद्ध झालं. मोठं एकक आधी, लहान नंतर. असं लिहिलं की शब्दकोशाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. फायलींना नावं देतानाही हा क्रम वापरून बघा, फोल्डरमधल्या फायली आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

जुना मजकुराचा कॉलम आधीच भरलेला असेल तर? घाईने त्याचाच प्रकार बदलू नका. शेजारी ‘डेट’ प्रकारचा नवा कॉलम करा. मग आधी नुसत्या सिलेक्ट क्वेरीत ‘स्ट्र_टू_डेट’ हे फंक्शन चालवून पहा आणि ज्या ओळींत उत्तर ‘नल’ येतं त्या वेगळ्या काढा. कुणी ‘जून २०२४’ लिहिलेलं असेल, कुणी नुसती रेघ मारलेली असेल. अशा ओळी माणसानेच कागद बघून दुरुस्त करायच्या, मग नवा कॉलम भरायचा. या कामात कंटाळा येतो, पण जुनी नोंदवही बाजूला घेऊन बसल्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

आता स्क्रीनवरून येणाऱ्या तारखेकडे वळू. एचटीएमएलमध्ये इनपुटचा प्रकार ‘डेट’ दिला की ब्राउझर कॅलेंडर दाखवतो. वापरणाऱ्याला तिथे ३०-०६-२०२४ किंवा त्याच्या सेटिंगप्रमाणे जे काही दिसेल ते दिसो, सर्व्हरकडे जाणारं मूल्य नेहमी २०२४-०६-३० असंच असतं. म्हणजे दिसणं वेगळं, पाठवणं वेगळं. हे लक्षात आलं की निम्मा गोंधळ मिटतो. पण काही जण सुंदर दिसावं म्हणून बाहेरचं एखादं कॅलेंडर जोडतात, ते ३०/०६/२०२४ असा मजकूर पाठवतं आणि मग पीएचपीतलं ‘स्ट्रटूटाईम’ वापरून तो बदलला जातो. इथे एक मोठा खड्डा आहे. ‘स्ट्रटूटाईम’ला तिरकी रेघ दिसली की तो अमेरिकन पद्धत धरतो, आधी महिना मग दिवस. आडवी रेघ किंवा टिंब दिसलं की आपल्यासारखी, आधी दिवस. म्हणजे ०५-०६-२०२४ हा ५ जून, पण ०५/०६/२०२४ हा ६ मे. एका रेघेने महिना बदलतो.

आणि ३०/०६/२०२४ चं काय होतं? तिसावा महिना नसतो, म्हणून उत्तर ‘फॉल्स’ येतं. ते न तपासता तसंच ‘डेट’ फंक्शनला दिलं की त्याचं शून्य होतं, आणि शून्य म्हणजे संगणकाच्या घड्याळाची सुरुवात. तुमच्या टेबलमध्ये कधी ०१-०१-१९७० ही तारीख अचानक उगवलेली पाहिली असेल, तर ती इथून आली. कुणी १९७० साली फी भरलेली नसते. त्यामुळे ‘स्ट्रटूटाईम’वर सोडण्याऐवजी ‘क्रिएट फ्रॉम फॉरमॅट’ वापरून तारीख कोणत्या क्रमाने आहे ते आपणच सांगावं. त्यातही ३१ जून दिला तर तो गुपचूप १ जुलै करतो, म्हणून बदललेली तारीख पुन्हा मजकुरात आणून मूळ मजकुराशी जुळते का ते बघायचं. जुळली नाही तर ‘तारीख चुकीची आहे’ असं सांगायचं. हे काम सर्व्हरवर करा. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, तुमच्या सुरक्षिततेसाठी नाही.

मराठीतून ॲप्लिकेशन करणाऱ्यांसाठी आणखी एक खास अडचण. जावास्क्रिप्टमध्ये तारीख ‘एमआर-आयएन’ या भाषेत दाखवायला सांगितली की अंकही देवनागरी येतात: ३०/६/२०२४. हिंदीसाठी हीच गोष्ट केली तर अंक सर्वसाधारणपणे इंग्रजी येतात. त्यामुळे हिंदीत चालणारा कोड मराठीत का अडतो, असा प्रश्न पडतो. पानावर देवनागरी अंक दिसायला छान, जरूर दाखवा. पण तोच मजकूर उचलून क्वेरीत टाकला तर मायएसक्यूएलला तो तारीख म्हणून वाचता येत नाही. दाखवण्याचं मूल्य आणि शोधाचं मूल्य ही दोन वेगळी ठेवायची.

आता पाठाच्या मुख्य भागाकडे येऊ.

समजा कॉलम नीट आहे, तारीखही नीट आली आहे. पण पावती कधी फाडली तेही हवं म्हणून आपण कॉलमचा प्रकार ‘डेटटाईम’ ठेवला आणि त्याला नाव दिलं ‘नोंद_वेळ’. मग क्वेरी लिहिली:

व्हेअर नोंद_वेळ बिटवीन '२०२४-०४-०१' अँड '२०२४-०६-३०'

वाचायला किती सरळ वाटते! ‘बिटवीन’ दोन्ही टोकं धरतं, हेही पुस्तकात दिलेलं आहे. मग ३० जूनच्या पावत्या यायला हव्यात. येत नाहीत. का?

कारण ‘नोंद_वेळ’ हा दिवस नाही, तो क्षण आहे. क्षणाशी तुलना करायची म्हणून मायएसक्यूएल '२०२४-०६-३०' यालाही क्षण बनवतं. कोणता? ३० जून, मध्यरात्र, शून्य तास शून्य मिनिटं शून्य सेकंद. म्हणजे ३० जूनचा दिवस सुरू होतो त्या ठोक्यापर्यंतच्याच नोंदी मिळतात. सकाळी ११ वाजता फाडलेली पावती त्या क्षणानंतरची आहे, म्हणून ती बाहेर.

आता विचार करा, शाळेत फी कोणत्या दिवशी सगळ्यात जास्त भरली जाते? पहिल्या आठवड्यात दोनचार पालक येतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी व्हरांड्यात रांग लागते. पगार झाल्यावर भरू, दुधाचे पैसे आले की भरू, असं म्हणणारी माणसं शेवटच्या दिवशीच येतात. आणि आपली क्वेरी नेमका तोच दिवस गाळते. याच क्वेरीवरून ‘मुदतीत न भरलेल्यांची यादी’ काढली आणि ती फलकावर लावली, तर ३० जूनला रांगेत उभं राहून, पावती घेऊन गेलेल्या बाईच्या मुलीचं नाव थकबाकीदारांत लागतं. पावती तिच्याकडे आहे, पैसे कार्यालयात आहेत, नोंद टेबलमध्ये आहे. फक्त शोधात नाही.

काही जण यावर ठिगळ लावतात: ‘पर्यंत’ला २३:५९:५९ जोडायचं. रोजच्या वापरात ते चालून जातं, पण मला ते पटत नाही. सेकंदाच्या आतही वेळ असते. मायएसक्यूएलच्या ५.६.४ आवृत्तीपासून सेकंदाचे सहा दशांशांपर्यंत भाग साठवता येतात, आणि तसा कॉलम असेल तर शेवटच्या सेकंदातली नोंद सुटू शकते. बरं, म्हणून २३:५९:५९.९९९ लिहावं, तर एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाईम’ प्रकारात ते मूल्य पूर्णांकित होऊन पुढच्या दिवसाची मध्यरात्र होतं. म्हणजे १ जुलैच्या ठोक्याची नोंदही आत येते. दिवसाचा शेवट कुठे आहे हे असं दशांशात शोधत बसायचंच कशाला?

दिवसाचा शेवट शोधू नका, पुढच्या दिवसाची सुरुवात घ्या. ती कायम स्पष्ट असते:

व्हेअर नोंद_वेळ >= '२०२४-०४-०१' अँड नोंद_वेळ < '२०२४-०७-०१'

पहिल्या टोकाला ‘मोठं किंवा बरोबर’, दुसऱ्या टोकाला नुसतं ‘लहान’. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. १ जुलै आत येत नाही, पण त्याच्या आधीचा कितीही बारीक क्षण येतो. वापरणाऱ्याने स्क्रीनवर ‘पर्यंत’मध्ये ३० जूनच निवडायचा आहे, एक दिवस पुढे जायचं काम प्रोग्रामने करायचं. मायएसक्यूएलमध्ये ‘डेट_ॲड’ वापरून त्या मूल्यात एक दिवस मिळवता येतो.

या पद्धतीचे फायदे वापरायला लागल्यावर कळतात. फेब्रुवारीचा अहवाल हवा? १ फेब्रुवारीपासून, १ मार्चच्या आत. २८ की २९ हा प्रश्नच नाही. आर्थिक वर्ष हवं? १ एप्रिल २०२४ पासून, १ एप्रिल २०२५ च्या आत. सलग महिन्यांचे अहवाल काढले तर एका महिन्याचा शेवट तोच दुसऱ्याची सुरुवात. मध्ये फट पडत नाही आणि कुठलीही पावती दोनदा मोजली जात नाही. बारा महिन्यांची बेरीज वर्षाच्या बेरजेशी जुळते, आणि ती जुळणं हीच हिशोबाची पहिली परीक्षा असते.

इथे हुशार विद्यार्थी विचारतात, सर, आपण ‘नोंद_वेळ’मधला वेळ कापून फक्त तारीख का घेत नाही? म्हणजे:

व्हेअर डेट(नोंद_वेळ) बिटवीन '२०२४-०४-०१' अँड '२०२४-०६-३०'

उत्तर बरोबर येतं. शंभर-दोनशे नोंदींवर काही बिघडतही नाही. पण लाखभर नोंदींवर ही क्वेरी दमते. का, ते समजायला कार्यालयातलं आवक-जावक रजिस्टर आठवा. त्यात पत्रं आली त्या क्रमाने लिहिलेली असतात. जून २०२४ ची पत्रं काढा म्हटलं तर क्लार्क रजिस्टर अंदाजाने मधे उघडतो, पुढे-मागे होतो, जूनचं पहिलं पान सापडलं की तिथून वाचत जातो आणि जुलै लागला की थांबतो. आता त्याला सांगा, प्रत्येक तारखेला चौकोन काढून आधी तिचं रूप बदल, मग जुळते का ते बघ. त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जावंच लागेल, कारण बदललेल्या रूपांचा क्रम रजिस्टरमध्ये कुठे लिहिलेला नाही. डेटाबेसमध्ये हा क्रम इंडेक्स सांभाळतो. ‘नोंद_वेळ’वर इंडेक्स आहे, ‘डेट(नोंद_वेळ)’वर नाही. ‘इयर’ आणि ‘मंथ’ फंक्शन कॉलमवर लावली तरी हेच होतं. फंक्शन लावायचंच तर वापरणाऱ्याने दिलेल्या मूल्याला लावा, कॉलमला नको. मूल्य एक असतं, ओळी लाख असतात. खात्री करायची असेल तर क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लिहून चालवा. ‘टाईप’ या रकान्यात ‘ऑल’ आलं तर सगळं टेबल वाचलं जातंय, ‘रेंज’ आलं तर इंडेक्समधला हवा तो तुकडाच.

यापुढचा भाग घड्याळाचा. आपल्या देशात एकच प्रमाणवेळ असल्याने हा प्रश्न आपल्याला सुचतच नाही. (एकेकाळी सुचला असता. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ, म्हणजे ३९ मिनिटं मागचं घड्याळ, पुढे १९५५ पर्यंत चालू ठेवलं होतं.) पण तुमचं ॲप्लिकेशन ज्या सर्व्हरवर आहे तो बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर, लावलेला असतो. आपण त्याच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या मते अजून कालचाच दिवस असतो.

शाळा पहाटे उघडत नाही, मग काय बिघडलं? ऑनलाइन अर्ज भरणारे विचारा. मुदत ३० जूनची, आणि कुणी रात्री १२ वाजून २० मिनिटांनी अर्ज पाठवला. आपल्याकडे १ जुलै उजाडलेला आहे, सर्व्हर लिहितो ३० जून, सायंकाळी ६:५०. उशिराचा अर्ज मुदतीत बसला. उलट बाजूला, अर्ज १५ जूनपासून सुरू आणि कुणी उत्साहाने रात्री १ वाजताच भरला, तर तो १४ जूनच्या खात्यावर जातो आणि ‘१५ जूनपासून’च्या यादीत येतच नाही. पहिला चुकून फायद्यात, दुसरा चुकून तोट्यात.

जावास्क्रिप्ट वापरणाऱ्यांना हीच गोष्ट दुसऱ्या रूपात भेटते. ३० जून २०२४ ही तारीख वर्ष, महिना, दिवस असे आकडे देऊन तयार केली (महिना शून्यापासून मोजतात, जून म्हणजे ५) आणि ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ने मजकूर केला, तर मिळतं २०२४-०६-२९, १८:३०. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीची आदल्या दिवशीची संध्याकाळ. मग पहिली दहा अक्षरं कापून सर्व्हरला पाठवली की कॅलेंडरवर ३० निवडली आणि शोध २९ चा झाला. कुठेही १८:३० दिसलं की समजायचं, हा आपल्या साडेपाच तासांचा हिशोब आहे.

यावर माझा नियम असा. जी गोष्ट कॅलेंडरवरचा दिवस आहे, म्हणजे जन्मतारीख, सुट्टी, परीक्षेचा दिवस, तिला ‘डेट’ प्रकार द्यायचा आणि वेळेच्या पट्ट्यांशी तिचा संबंधच येऊ द्यायचा नाही. जन्मतारीख यूटीसीत बदलायची नसते. आणि जी गोष्ट क्षण आहे, म्हणजे अर्ज कधी आला, पैसे कधी जमा झाले, तो क्षण कोणत्या घड्याळाने साठवतो आहोत ते एकदा ठरवून लिहून ठेवायचं. यूटीसीत साठवला असेल तर आपल्या ३० जूनचा शोध २९ जून १८:३० पासून ३० जून १८:३० च्या आत असा जातो. मायएसक्यूएलमध्ये ‘टाईमस्टॅम्प’ प्रकार साठवताना आणि दाखवताना चालू जोडणीच्या वेळेप्रमाणे रूपांतर करतो, ‘डेटटाईम’ करत नाही, दिलं ते ठेवतो. फक्त भारतातच चालणारं छोटं ॲप्लिकेशन असेल तर पीएचपीला ‘आशिया/कोलकाता’ आणि मायएसक्यूएलच्या जोडणीला ‘+०५:३०’ सांगणं हा व्यवहारी मार्ग आहे. मात्र दोन्हीकडे सांगा. एकीकडेच सांगितलं तर गोंधळ दुप्पट. ‘टाईमस्टॅम्प’ला आणखी एक मर्यादा आहे: तो यूटीसीप्रमाणे १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ या क्षणापर्यंतच जातो. हे फार लांब नाही.

इतकं सगळं तंत्र नीट बसवलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तो कोडचा नाही: कोणती तारीख? पालकांनी २९ मार्चला पैसे भरले, हातपावती घेतली. क्लार्कने संगणकात नोंद केली २ एप्रिलला, कारण मधे सुट्ट्या आल्या. मार्चअखेरच्या हिशोबात ही रक्कम धरायची की नाही? ‘नोंद_वेळ’ने शोधलं तर ती पुढच्या आर्थिक वर्षात जाते. भरण्याच्या तारखेने शोधलं तर याच वर्षात येते. दोन्ही क्वेरी बिनचूक, आणि दोन उत्तरांत एका वर्षाचा फरक! म्हणून टेबलमध्ये दोन वेगळे कॉलम हवेत, ‘भरणा_तारीख’ आणि ‘नोंद_वेळ’. पहिला माणूस भरतो, दुसरा संगणक आपोआप भरतो. आणि अहवालाच्या मथळ्यात स्पष्ट लिहायचं, ‘भरणा तारखेनुसार’. नुसतं ‘तारखेनुसार’ लिहिलेल्या अहवालावर सही करणाऱ्याने आधी विचारावं, कोणत्या?

ज्या नोंदींत ‘भरणा_तारीख’ रिकामी आहे त्या कुठल्याच ‘पासून-पर्यंत’मध्ये येत नाहीत. ‘नल’ची तुलना कशाशीही केली तरी उत्तर ‘हो’ येत नाही. म्हणून अहवालाच्या खाली एक ओळ द्यावी: ‘तारीख नसलेल्या नोंदी : ४’. ही ओळ छोटी आहे, पण क्लार्कची एक संध्याकाळ वाचवते.

बाकी काही गोष्टी पटकन सांगतो. ‘पासून’ रिकामं सोडलं तर सुरुवातीची अट लावायचीच नाही, ‘पर्यंत’ रिकामं असेल तर शेवटची नाही. रिकाम्या मजकुराशी तुलना करायची नाही. दोन्ही उलटे भरले तर शांतपणे रिकामी यादी दाखवू नका, संदेश द्या. वापरणाऱ्याची तारीख क्वेरीत थेट चिकटवू नका, प्रीपेअर्ड स्टेटमेंटनेच द्या. तारखेची चौकट आहे म्हणून तिच्यातून फक्त तारीखच येईल असं नाही, फॉर्म बाजूला ठेवून कुणीही काहीही पाठवू शकतो. शोधाचा फॉर्म ‘गेट’ पद्धतीने पाठवा, म्हणजे दुसऱ्या पानावर गेलं तरी तारखा पत्त्यात टिकतात. आणि यादी तारखेने लावताना सोबत पावती क्रमांकही द्या. एका तारखेच्या पन्नास पावत्या असतील तर त्यांचा आपसातला क्रम डेटाबेस स्वतःहून सांभाळत नाही. मग एखादी पावती दोन्ही पानांवर दिसते, एखादी कुठेच नाही.

शेवटी वाढदिवसांचा शोध, कारण सूचनाफलकासाठी तो हमखास मागितला जातो. इथे वर्ष सोडून फक्त महिना आणि दिवस बघायचा आहे, म्हणजे वर सांगितलेली सलग पट्टीची पद्धत चालत नाही. शाळेच्या पटावर ‘मंथ’ आणि ‘डे’ फंक्शन सरळ वापरा, एवढ्या ओळींना इंडेक्सची चिंता नको. फक्त ‘या आठवड्यातले वाढदिवस’ काढताना वर्षाची कड सांभाळा. २९ डिसेंबर ते ४ जानेवारी हा आठवडा महिना-दिवस रूपात १२-२९ ते ०१-०४ होतो, आणि १२-२९ पेक्षा मोठं आणि ०१-०४ पेक्षा लहान असं काहीच नसतं. तिथे ‘अँड’च्या जागी ‘ऑर’ लागतो. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलाला इतर वर्षी २८ तारखेला शुभेच्छा द्यायच्या की १ मार्चला, हे शाळेने ठरवावं. पण ठरवावं, नाहीतर तीन वर्षं त्याचं नाव फलकावर येणार नाही. आणि जुन्या पटावर किंवा आजी-आजोबांच्या पिढीच्या यादीवर हा शोध चालवाल तर १ जूनला नावांची रांग लागेल. क्वेरी तपासत बसू नका, ती बरोबर आहे. जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजी शाळा सुरू होण्याचा महिना बघून वय जुळवून १ जून लिहीत. डेटाबेसला लिहिलेली तारीख कळते, खरी कळत नाही.

सरावासाठी एक टेबल करा. ‘नोंद_वेळ’ या ‘डेटटाईम’ कॉलममध्ये सहा ओळी भरा: ३१ मार्च २०२४ रात्री २३:५५, १ एप्रिल ००:००, ३० जून ००:००, ३० जून १६:१०, १ जुलै ००:००, आणि सहावी रिकामी. त्यावर आधी ‘बिटवीन’ची क्वेरी चालवा, मग ‘पुढच्या दिवसाच्या आत’ची. पहिलीने २ ओळी यायला हव्यात, दुसरीने ३. त्यानंतर सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे आणि या सगळ्या वेळा यूटीसीतल्या आहेत असं समजून, भारतीय वेळेप्रमाणे एप्रिल ते जूनमध्ये कोणत्या ओळी येतील ते आधी कागदावर काढा आणि मग क्वेरी लिहा. उत्तरात ३१ मार्चची ओळ आली तर घाबरू नका, आपल्याकडे तेव्हा १ एप्रिलची पहाटेची ५:२५ झालेली असते.